भाईच्या फ्लेक्सवर खालच्या रांगेत: नाशिकची पोरं टोळीत का जातात?

२०२५च्या ऑक्टोबरात नाशिक शहर पोलिसांनी गुंडगिरीविरुद्ध मोहीम उघडली आणि ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ हे वाक्य शहराच्या तोंडी बसलं. पकडलेल्यांकडून कॅमेऱ्यासमोर ते म्हणवून घेतल्याचे व्हिडिओ घरोघरी पाहिले गेले. लोकांना बरं वाटलं आणि त्यात वावगं काही नाही. रात्री गल्लीत उभ्या केलेल्या रिक्षाची काच फुटली की रिक्षावाल्याचा दुसऱ्या दिवसाचा धंदा बुडतो. काचेचा खर्च वेगळा, आणि तक्रार दिली तरी राहायचं त्याच गल्लीत आहे, ही धास्ती वेगळी.

मोठी नावं आत गेली की बातमी संपते. खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो. सिडको, सातपूर, पंचवटी, नाशिकरोड इथल्या गुन्ह्यांच्या बातम्यांत ‘विधिसंघर्षित बालक’ हा शब्द वारंवार येतो. अठरा वर्षांखालच्या ज्या मुलावर गुन्ह्याचा आरोप आहे, त्याला कायद्याच्या भाषेत असं म्हणतात. हे पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं तिथवर पोचतं कसं? त्याला त्यात मिळतं काय? ‘संगत वाईट’ एवढ्यावर आपण विषय मिटवतो. पण चांगली संगत सोडून त्याला तीच का धरावीशी वाटली, हे कोणी विचारत नाही.

टोळी कशाला म्हणायचं?

कट्ट्यावर बसणारी सगळी पोरं टोळीतली नसतात, हे आधी सांगायला हवं. त्रिमूर्ती चौकात किंवा जेलरोडला संध्याकाळी चहाच्या टपरीवर दहा पोरं उभी असली, मोठ्याने हसत असली, तरी ती नुसती मित्रमंडळी असू शकतात. बहुतेक वेळा असतातच.

या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांनी टोळी ओळखण्यासाठी काही खुणा ठरवल्या आहेत. गट टिकून राहणारा असावा, म्हणजे एकदोघं गेले तरी चालू राहणारा. त्याचा वावर घराबाहेर, रस्त्यावर असावा. त्यातले बहुतेक जण तरुण असावेत. आणि बेकायदा कामं करणं हा त्या गटाच्या ओळखीचाच भाग असावा. यातली शेवटची खूण सगळ्यात महत्त्वाची. चार मित्रांनी एकदा मारामारी केली तर तो गुन्हा झाला. पण ‘आपण मारणारी पोरं आहोत’ हीच त्यांची ओळख होऊन बसली, की ती टोळी झाली.

मित्रांच्या गटाची टोळी होते कशी, याचं उत्तर जवळपास शंभर वर्षं जुनं आहे. फ्रेडरिक थ्रॅशर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९२७ साली शिकागोतल्या १,३१३ टोळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याला दिसलं, की बहुतेक टोळ्या खेळणाऱ्या पोरांच्या गटांतूनच उगवतात आणि बाहेरच्याशी झालेल्या भांडणातून घट्ट होतात. भांडण नसेल तर गट विरून जातो. शेजारच्या चौकातल्या पोरांशी खुन्नस झाली, एकाला मार बसला, बदला ठरला, की तोच गट एकजीव होतो. पवननगरातली एखादी खुन्नसही याच वाटेने पुढे जाते.

चौदा ते अठरा

माझ्या मते या सगळ्याची खरी मेख या चार वर्षांत आहे.

शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना लागू आहे. म्हणजे आठवीपर्यंत मूल शाळेत ठेवणं ही सरकारची कायदेशीर जबाबदारी. ज्यांची शाळा आठवीलाच संपते, त्यांना नववीसाठी दुसरी शाळा शोधावी लागते. गणित आणि इंग्रजी तोवर पार हुकलेलं असतं. नववीत नापास झालं किंवा दहावीत दोन विषय राहिले की पोरगं घरी बसतं. आयटीआयच्या बऱ्याच ट्रेडना दहावी पास लागतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यात कामाला जावं, तर ठेकेदार आधी आधार कार्ड बघतो आणि अठरा पूर्ण नसतील तर परत पाठवतो. ठेकेदाराचंही चुकत नाही. किशोरवयीन मुलांना धोक्याच्या कामावर ठेवायला २०१६च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायद्याची मनाई आहे, आणि ती योग्यच आहे.

पण मग हे पोरगं दिवसभर करतं काय? आई-बाप दोघंही कामावर असतात. वडील कंपनीत पाळीला, आई दुसऱ्या पाळीला किंवा चार घरच्या धुण्याभांड्याला. खानदेशातून, मराठवाड्यातून, यूपी-बिहारमधून एमआयडीसीच्या भरवशावर आलेल्या अशा घरांत आजी-आजोबा गावी राहिलेले असतात. दोन खोल्यांच्या घरात दुपारी उकाड्यात बसवत नाही. पोरगं खाली उतरतं. शाळेच्या लेखी ते ‘गळती’त जमा होतं, कंपनीच्या लेखी अजून लहान असतं आणि घरच्यांच्या लेखी रिकामटेकडं. त्या चौकात त्याला नावाने हाक मारणारं एकच माणूस असतं, आणि ते माणूस म्हणजे भाई.

फ्लेक्सवरचा चेहरा

चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स एकदा थांबून नीट बघा. मधोमध भाईचा मोठा फोटो, गॉगल, पांढराशुभ्र शर्ट, गळ्यात साखळी. कोपऱ्यात कुणा पुढाऱ्याचा नमस्कार करणारा फोटो. आणि खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून दोन-तीन रांगांत पासपोर्टएवढे चेहरे. शेवटच्या रांगेतले चेहरे बघा. मिसरूड नुकतं फुटलंय. फोटो कुणाच्या तरी लग्नात काढलेला, शेजारच्याचा खांदा अर्धवट कापलेला. खाली नाव, आणि नावाच्या मध्ये अवतरणात टोपणनाव.

या पोराचं नाव याआधी कुठे छापलं गेलं होतं? शाळेच्या फळ्यावर लागलं असेल, ते फी राहिलेल्यांच्या यादीत. स्नेहसंमेलनात, क्रिकेटच्या संघात, कुठेच नाही. आणि आज त्याच्या शाळेच्या रस्त्यावर, ज्या सरांनी त्याला वर्गाबाहेर काढलं ते सर रोज जातात त्या वळणावर, त्याचा चेहरा टांगलेला आहे. ही गोष्ट आपल्याला क्षुल्लक वाटते, कारण आपलं नाव कुठे ना कुठे लागलेलं असतं. त्याच्यासाठी ती आयुष्यातली पहिली पदवी असते.

मध्यरात्री दुचाकीच्या सीटवर केक ठेवून तो कोयत्याने कापायचा, त्याचं रील टाकायचं, हाही त्यातलाच प्रकार. शेतकऱ्याच्या आणि ऊसतोड मजुराच्या हातचं अवजार या पोरांच्या हातात आलं, कारण ते बाजारात सहज मिळतं, स्वस्त असतं आणि मोबाईलच्या पडद्यावर भेसूर दिसतं. गाड्या फोडण्यामागेही हाच हिशेब असतो. ज्याची गाडी फुटते त्याच्याशी यांचं वैर नसतं, अनेकदा ओळखही नसते. पण एका रात्रीत पाच-सात काचा फुटल्या की सकाळी सगळ्या भागात चर्चा होते, दुकानदार घाबरतात आणि समोरच्या गटालाही निरोप पोचतो.

आत ओढण्याची पद्धत

सिनेमात दाखवतात तशी शपथबिपथ इथे नसते. पोरगं पायरीपायरीने आत जातं, आणि प्रत्येक पायरी इतकी लहान असते की ती चढल्याचं त्याला कळतही नाही.

पहिली पायरी वडापाव आणि चहाची. भाईच्या खात्यावर खाल्लेल्याचे पैसे कुणी मागत नाही. दुसरी गाडीची: ‘चल, एक चक्कर मारून येऊ.’ ज्याच्या घरी सायकलही धड नाही, त्याला दोन लाखांच्या गाडीवर मागे बसून कॉलेज रोड दिसतो. मग छोटी कामं. ‘हे पाकीट तुझ्याकडे ठेव, उद्या घेतो.’ ‘त्या कोपऱ्यावर उभा राहा, गाडी आली की मिस्ड कॉल दे.’ याला ही पोरं फिल्डिंग लावणं म्हणतात. पाकिटात काय आहे ते विचारायचं नसतं. २०२३ साली नाशिकरोडजवळच्या शिंदे गावात मुंबई पोलिसांनी एमडी या अमली पदार्थाचा कारखाना उघडकीस आणला, तेव्हा हा धंदा आपल्या किती जवळ आलाय हे शहराला कळलं. असा माल एका हातातून दुसऱ्या हातात जायला कोवळे हातच बरे पडतात.

यानंतर एखादा राडा होतो, पोरगं त्यात सापडतं आणि पहिली केस पडते. घरी रडारड. वडिलांनी कोर्ट कधी पाहिलेलं नसतं. कुणीतरी सांगतं, वकील अमुक हजार घेईल. तेवढ्यात भाईचा माणूस दारात येतो: ‘काका, टेन्शन घेऊ नका, वकील आपला आहे.’ पोरगं सुटून घरी येतं आणि आई भाईला हात जोडते.

त्या दिवसापर्यंत पोराला परत फिरता आलं असतं. त्या दिवसानंतर ते भाईचं देणेकरी होतं, आणि या कर्जाची रक्कम कुठे लिहिलेली नसते. भाई मागेल तेव्हा आणि मागेल ते द्यायचं.

खरं तर ही गाठ सहज सोडवता येण्यासारखी आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार मुलांना, स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना आणि कोठडीत असलेल्या कुणालाही मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं आणि १५१०० हा क्रमांक देशभर चालतो. हे भाईला ठाऊक असतं की नाही ते सांगता येत नाही. पोराच्या आई-बापाला ठाऊक नसतं, हे नक्की.

पण एवढी अक्कल नसते का पोरांना?

असते. सोळा वर्षांच्या मुलाला शांत बसवून विचारा, कोयता घेऊन फिरलं की काय होतं? तो कलमासकट सांगेल. अडचण माहितीची नाही.

लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकारी मार्गो गार्डनर या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या वयाच्या लोकांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. सिग्नल पिवळा झाल्यावर थांबायचं की दामटायचं हे त्यांनी ठरवायचं. एकटे असताना किशोरवयीन मुलं मोठ्यांपेक्षा फार वेगळी वागली नाहीत. पण सोबतीला मित्र बघत असले, की तेरा ते सोळा वयोगटातल्या मुलांनी घेतलेला धोका जवळपास दुप्पट झाला. चोविशीपुढच्यांवर मित्रांच्या नजरेचा काहीच परिणाम झाला नाही.

या वयात मेंदूचा बक्षिसाला भुलणारा भाग जोरात असतो आणि लगाम खेचणारा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत राहतो. मित्राची ‘भारी!’ ही एक दाद या वयात मोठ्या बक्षिसाइतकी गोड लागते. म्हणून घरी एकटा असताना गरीब गाय वाटणारा मुलगा पाच जणांत वेगळाच होतो. ‘माझा मुलगा तसा नाही हो’ म्हणणारी आई खोटं बोलत नसते. तिने त्याला तसं पाहिलेलंच नसतं.

पैसा तरी मिळतो का?

बाहेरून वाटतं तेवढा नाही. स्टीव्हन लेविट आणि सुधीर व्यंकटेश यांनी शिकागोतल्या एका ड्रग विकणाऱ्या टोळीचे प्रत्यक्ष हिशेब तपासून २००० साली निष्कर्ष मांडले. सगळ्यात खालच्या पोरांची ताशी कमाई तिथल्या किमान वेतनाहूनही कमी भरली. चार वर्षांच्या नोंदींनुसार अशा पोराच्या मरणाची शक्यता चारात एक इतकी होती. पैसा वरच्या हातांत जात होता. खालची पोरं टिकून होती ती ‘एक दिवस आपणही वर जाऊ’ या आशेवर.

आपल्याकडच्या भिशीसारखंच आहे हे. सगळ्यांनी दरमहा टाकायचं, आज ना उद्या आपला नंबर लागेल या भरवशावर. घरच्या भिशीत प्रत्येकाचा नंबर खरंच लागतो, कारण बाया एकमेकींना ओळखतात आणि वही उघडी असते. टोळीच्या भिशीत पोरं टाकतात ती आपली वर्षं, आपल्या नावावरच्या केसेस आणि अंगावरचे टाके. उचल मात्र चालवणाराच दर महिन्याला घेतो. प्लॉटवरचा ताबा, वसुली, उसनवारीचं व्याज यातला मोठा घास त्याचा. पोराच्या वाट्याला पेट्रोल, बिर्याणी आणि एखादा सेकंडहँड मोबाईल.

संरक्षणाचंही तसंच. ‘भाईचा हात डोक्यावर असला की कुणी नडत नाही,’ असं पोरं म्हणतात. अभ्यास उलट सांगतात: टोळीत शिरलेल्या मुलावर हल्ला होण्याची शक्यता वाढते. काल जो त्याला ओळखत नव्हता, तोही आज त्याला समोरच्या गटाचा म्हणून ओळखतो.

‘गरिबीमुळे होतं’, ‘संस्कार नाहीत’, ‘सगळं त्या रीलमुळे’

ही तीन उत्तरं नेहमी ऐकू येतात. तिन्हींत थोडं थोडं तथ्य आहे, पण एकानेही काम भागत नाही.

फुलेनगरच्या किंवा जुन्या नाशिकच्या एकाच गल्लीत, एकाच मिळकतीच्या दहा घरांतलं एखादंच पोरगं टोळीत जातं. उरलेली नऊ घरंही तितकीच गरीब असतात. पहाटे पेपर टाकणारी, मार्केट यार्डात हमाली करून रात्रशाळेला जाणारी पोरं तिथलीच. गरिबीला गुन्ह्याचं कारण म्हणणं हा त्या नऊ घरांवर अन्याय आहे. गरिबीमुळे एवढंच होतं, की पोरगं घसरलं तर सावरायला हाताशी काही नसतं. गंगापूर रोडच्या घरातलं पोरगं नववीत नापास झालं तर त्याला क्लास लागतो, समुपदेशक मिळतो, मामाकडे पुण्याला पाठवता येतं.

संस्कारांबद्दल बोलायचं तर ज्या आई-बापाला पोर दिवसातून दोन तास दिसतं, त्यांनी ते कधी करायचे? घरात दारू असेल, मारहाण असेल तर धोका वाढतो, हे खरं. पण साध्यासुध्या, कष्टाळू घरांतली मुलंही जातात.

रील आणि स्टेटसने एक गोष्ट बदलली, ती मला गंभीर वाटते. पूर्वीची भांडणं गल्लीतच राहत आणि दोन्हीकडचे वडीलधारे बसून मिटवत. आता धमकी दोन हजार लोकांसमोर दिली जाते. माघार घेतली तर दोन हजार लोक बघणार. त्यामुळे मिटवायला जागाच राहत नाही. मुली टोळ्यांत कमी दिसतात, पण या पडद्यावरच्या भांडणांत त्या ओढल्या जातात. कुणी कुणाच्या पोस्टवर काय लिहिलं यावरून कोयते निघतात.

धिंड काढली की धाक बसतो ना?

ज्याने गुन्हा केला त्याला ज्या चौकात दहशत केली त्याच चौकातून फिरवायचं, हे आपल्याकडे अनेक शहरांत झालंय आणि लोक त्याचं कौतुक करतात. आधी कायद्याचं: अठरा वर्षांखालच्या मुलाची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली त्याला सहा महिने कैद किंवा दोन लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. हे बंधन तुमच्या-आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपलाही लागू आहे.

दुसरं परिणामाचं. अमेरिकेत बिघडू लागलेल्या मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून दम देण्याचे कार्यक्रम खूप गाजले. संशोधकांनी नंतर अशा नऊ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. त्या प्रयोगांत चिठ्ठी टाकून काही मुलांना हा दम दिला होता, काहींना नाही. दम मिळालेल्या मुलांनी पुढे जास्त गुन्हे केले. ऐकायला विचित्र वाटतं, पण फ्लेक्सवरच्या त्या चेहऱ्याचा विचार केला की उलगडतं. ज्याला ओळख हवी होती, त्याला आपण आणखी मोठी ओळख दिली.

१९६०च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये समाजसेवकांनी टोळ्यांमध्ये मिसळून, त्यांच्या बैठका आणि सहली भरवून सुधारणा करण्याचा प्रयत्न केला होता. माल्कम क्लाइन यांनी तो तपासला तेव्हा दिसलं, की टोळ्या उलट घट्ट झाल्या आणि गुन्हे वाढले. म्हणजे लाड करून असो की धाक घालून, टोळीला ‘टोळी’ म्हणून महत्त्व दिलं की ती फुगते. आपली वर्तमानपत्रं मथळ्यात गँगचं नाव छापतात, तेव्हा ते कात्रण स्टेटसला जातं, हे संपादकांनी ध्यानात घ्यायला हवं. सराईत, प्रौढ गुन्हेगारांवर मोक्का, तडीपारी, स्थानबद्धता हे उपाय जरूर व्हावेत. तेच औषध सोळा वर्षांच्या पोराला दिलं तर त्याचा भाई तयार होतो.

‘अल्पवयीन आहेत म्हणून सुटतात’

ही तक्रार ज्यांच्या घरात कुणी जखमी झालंय त्यांच्या तोंडून येते, तेव्हा तिच्यापुढे आकडे मांडण्याची हिंमत होत नाही. पण कायदा काय म्हणतो ते माहीत हवं.

दिल्लीच्या २०१२च्या प्रकरणानंतर बाल न्याय अधिनियम २०१५ आला. त्यात गुन्ह्यांचे तीन वर्ग आहेत: किरकोळ, गंभीर आणि निर्घृण. ज्या गुन्ह्याला कमीत कमी सात वर्षांची शिक्षा आहे तो निर्घृण. खून त्यात येतो. सोळा ते अठरा वयाच्या मुलाने असा गुन्हा केल्याचा आरोप असेल तर बाल न्याय मंडळ त्याची मानसिक-शारीरिक क्षमता आणि परिणामांची समज तपासतं आणि खटला बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं. तिथे तो प्रौढासारखा चालू शकतो. म्हणजे ‘काहीच होत नाही’ हे खरं नाही.

कोयत्याच्या बहुतेक हल्ल्यांचं घोडं मात्र इथे अडतं. खुनाच्या प्रयत्नाला कायद्यात किमान शिक्षा नाही, फक्त कमाल आहे. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की किमान सात वर्षांची शिक्षा नसेल तर तो गुन्हा निर्घृण धरता येत नाही. त्यामुळे असं प्रकरण मंडळापुढेच राहतं आणि जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात, असा त्याचा शेवट असतो. भाई लोकांना हा हिशेब पाठ असतो. म्हणूनच कोयता त्या कोवळ्या हातात दिला जातो.

वय सोळावर आणा, अशी मागणी त्यातून येते. मला ती पटत नाही. वय सोळा केलं तर कोयता पंधरा वर्षांच्या हातात जाईल.

जामिनाबद्दलही गैरसमज आहे. मुलाला जामीन द्यायचा हा नियम आहे, पण सुटल्यावर तो माहितीतल्या गुन्हेगारांच्याच संगतीत जाणार असं दिसलं तर मंडळ जामीन नाकारू शकतं. आणि सुटलेल्या मुलाचं आयुष्य कायमचं डागाळू नये म्हणून त्याच्या नोंदी मुदतीनंतर नष्ट करायच्या असतात. प्रौढासारखा खटला चालून दोषी ठरलेल्यांचा अपवाद. ‘आता केस लागली, कुठली नोकरी आणि कुठलं काय’ असं पोराला सांगून भाई त्याला धरून ठेवतो. बहुतेक मुलांच्या बाबतीत ते साफ खोटं आहे.

बाहेर पडता येतं का?

येतं, आणि बहुतेक पडतातच. अमेरिकेत रॉचेस्टर शहरातल्या मुलांचा वर्षानुवर्षं माग ठेवणारा अभ्यास १९८८ साली सुरू झाला. टोळीत गेलेल्या मुलांपैकी जवळपास निम्मी एका वर्षाच्या आत बाहेर आली होती. टोळीत असताना त्यांचे गुन्हे वाढत, बाहेर पडल्यावर कमी होत. मूल मुळातच ‘तसलं’ असतं तर ते आत-बाहेर सारखंच वागलं असतं.

बाहेर काढणारी कारणं साधी असतात: लग्न ठरणं, मित्राचं मरण, आईचं आजारपण, गावी जाणं, काम लागणं. कामाचा परिणाम मोजलेलाही आहे. शिकागोत २०१२च्या उन्हाळ्यात हिंसाग्रस्त भागातल्या शाळांमधल्या मुलांना आठ आठवड्यांचं अर्धवेळ काम आणि सोबत एक प्रौढ मार्गदर्शक दिला. पुढच्या १६ महिन्यांत, काम न मिळालेल्या मुलांच्या तुलनेत, त्यांच्या हिंसक गुन्ह्यांतल्या अटका ४३ टक्क्यांनी कमी भरल्या. विशेष म्हणजे ही घट बरीचशी काम संपल्यानंतर दिसली. पैशापेक्षा मोठा धडा त्या मुलांनी घेतला असावा: वेळेवर जाणं, साहेब ओरडला तर गिळणं, आणि भाई सोडून दुसरा एखादा मोठा माणूस आपली वाट बघतो ही जाणीव.

एवढी मोठी औद्योगिक वसाहत असलेल्या शहराला हे जड नाही. चौदा वर्षांपुढच्या मुलांना बिनधोक, अर्धवेळ, देखरेखीखालचं काम देता येतं. पॅकिंग आहे, नर्सरी आहे, दुकानातला हिशेब आहे. २०२७च्या सिंहस्थाची तयारी चालू आहे, शहरात कामच काम आहे. त्यातला थोडा वाटा पवननगरच्या नि फुलेनगरच्या नववी नापास पोरांसाठी राखून ठेवायला कुणाची हरकत असेल असं वाटत नाही. फक्त तसा कुणी विचार करायला हवा.

आणि भाईचं काय?

मुलांना गुन्ह्यासाठी वापरणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८३ नुसार मुलांना बेकायदा कामात वापरणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ९५ आणखी कडक आहे: गुन्हा करण्यासाठी मुलाला कामाला लावलं तर किमान तीन आणि कमाल दहा वर्षं. पोरगं पकडलं गेलं की तपास पोराशीच थांबू नये, यासाठी ही कलमं आहेत.

ती लागायची तर माहिती घरातून यावी लागते. मूल मंडळापुढे हजर झाल्यावर परिविक्षा अधिकारी, म्हणजे मुलाची पार्श्वभूमी तपासणारा अधिकारी, पंधरा दिवसांत सामाजिक तपास अहवाल तयार करतो. तो घरी येतो, शाळेत जातो, शेजाऱ्यांना विचारतो. त्या अहवालाच्या नमुन्यात एक प्रश्न छापलेलाच आहे: या मुलाचा कुठल्या टोळीने किंवा प्रौढांनी वापर केला आहे का, अमली पदार्थांच्या विक्रीसाठी केला आहे का? घाबरलेले आई-बाप तिथे ‘आम्हाला काही माहीत नाही’ म्हणतात आणि उत्तर ‘नाही’ असं लिहिलं जातं. तुमच्यावर किंवा शेजाऱ्यांवर ही वेळ आली, तर वकील विधी सेवा प्राधिकरणाचा मागा, आणि पोराला गाडीवर कोण न्यायचं, पाकीट कोणी ठेवायला दिलं, वकिलाचे पैसे द्यायला कोण दारात आलं होतं, हे त्या अधिकाऱ्याला नावानिशी सांगा. गल्लीत भीती वाटत असेल तर वकिलामार्फत मंडळापुढे बंद दाराआड सांगता येतं. आणि केस पडायच्या आधीच पोराचं लक्षण ठीक दिसत नसेल, तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर रात्री-बेरात्रीही फोन लागतो.